थांबवलेला माणूस

गारा पडल्या तेव्हा तिघंही शेडमध्येच होते. पत्र्यावर एवढा गदारोळ उठला की आपली हातोडी चालते आहे की थांबली आहे, हे पेट्या ठोकणाऱ्या ठोक्याला स्वतःलाच कळेना. काकांनी करवतीचं यंत्र बंद केलं. पेटीवाला दारात जाऊन उभा राहिला. समोरच्या उतारावरच्या संत्र्याच्या बागा पांढऱ्या पडद्याआड गेल्या होत्या. मार फार वेळ टिकला नाही. माणूस जेवून उठतो आणि हात धुतो, तेवढाच. पण पडदा सरला तेव्हा झाडं पिसं उपटलेल्या कोंबड्यांसारखी उभी होती आणि सगळा फुलोरा खाली चिखलात गेला होता.

ठोक्यानं तोंडातल्या चुका, पेटीचे बारीक खिळे, तळहातावर काढल्या. नुकसान बागवाल्यांचं झालं होतं, शेडचा पत्राही वाकला नव्हता. तरी काका भुशाच्या ढिगावर बसले आणि नुसतेच बाहेर बघत राहिले.

"आता काय भरणार पेट्यांत? गारा?" ठोक्या म्हणाला. नेहमीसारखं कोणी हसलं नाही.

शेडमध्ये फळांच्या पेट्या बनायच्या. पेटीवाल्याच्या वडिलांनी ती सुरू केली, तेव्हापासून काका करवतीवर होते. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी त्याच करवतीला दिली होती, आणि उरलेल्या तीन बोटांनी ते फळी अशी सरकवायचे की धार कुठून कुठे गेली ते खडूनं आखल्यासारखं दिसे. ठोक्या नंतर आला. तो मांडी घालून बसायचा, ओठांत मूठभर चुका धरायचा आणि जिभेनं एकेक पुढे ढकलायचा. डाव्या हातात चूक, उजव्या हातात हातोडी, दोन घावांत काम खलास. बोलायचाही तसाच, चुका तोंडात ठेवून. कधी काही वेडंवाकडं बोलून गेला तर स्वतःच म्हणायचा, "तोंडात चुका धरून बसलेला माणूस चुकणार नाही तर काय?" पेटीवाल्याची बायको घरातलं आवरून दुपारी यायची आणि तयार पेट्यांच्या चवडी तारेनं बांधायची. तिला दोघंही वहिनी म्हणत.

पेटीवाला माणूस वाईट नव्हता. मजुरी कधी बुडवली नाही, कोणाला कधी घालून-पाडून बोलला नाही. त्याचा एकच स्वभाव होता. नकोशी गोष्ट तोंडावर सांगायची वेळ आली की त्याच्या घशाला कोरड पडायची.

गारांनंतर तो व्यापाऱ्याकडे गेला. शेडमधला सगळा माल हा एकच व्यापारी उचलायचा, वडिलांपासून. व्यापाऱ्यानं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि यंदा निम्म्या पेट्याही लागायच्या नाहीत म्हणून सांगितलं. पुढचं पुढे कळवतो, म्हणाला. पेटीवाला परत आला तेव्हा काका आणि ठोक्या दोघंही काम थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला, चवडीतल्या पेट्या उगाच हलवून पाहिल्या आणि म्हणाला, "बघू. होईल काहीतरी."

त्याच आठवड्यात मेहुणा आला. बायकोचा थोरला भाऊ. त्याचं शहरात टायरचं दुकान होतं आणि पोटाचं जुनं दुखणं, त्यामुळे तो घास चावून चावून, सावकाश बोलायचा. बहिणीनं निरोप धाडला म्हणून आला होता, हे त्यानं लपवलं नाही. शेडमध्ये एक फेरी मारली, निलगिरीच्या फळ्यांच्या थप्पीला हात लावून पाहिला आणि ही थप्पी रोखीची की उधारीची, ते विचारलं.

"उधारीची," पेटीवाला म्हणाला. "गारांच्या आधी आणलेली."

मेहुण्यानं मान हलवली. घरी येऊन तो ओसरीवर बसला. घरातला खर्च आणि शेडचा पैसा एकाच डब्यातून जातो, हे त्याला बहिणीकडून कळलं होतं. त्यावर तो बराच वेळ बोलला. दोन डबे कर, शेडनं घराला मजुरी द्यावी, घरानं शेडला उसने द्यायचे तर उसने म्हणूनच द्यावेत. नाहीतर कोण कोणाला खातंय तेच कळत नाही. पेटीवाला हो हो करत होता. जमिनीवरच्या मुंग्या बघत होता.

"आणि दाजी, एक गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे," मेहुणा म्हणाला. "तो तुमचा मालक. फक्त तो हजेरी मांडत नाही एवढंच."

"वडिलांपासूनचं आहे ते."

"वडिलांच्या वेळी गारा पडल्या नव्हत्या." मेहुणा पाण्याचा घोट घेऊन थांबला. "आता खरं सांगतो, राग मानू नका. दोन माणसांचं काम शेडमध्ये राहिलेलं नाही. म्हातारे काका जातील कुठे, ते मला कळतं. पण त्यांना आणि त्या दुसऱ्याला आजच समोर बसवा आणि सांगा. इतके दिवस काम आहे, त्यानंतर नाही. मजूर उपाशी मरत नाही दाजी, त्याला वेळेवर कळलं तर. तो हातपाय मारतो. ज्याला उशिरा कळतं तो मरतो."

पेटीवाला म्हणाला, "सांगतो." बायको दाराशी उभी होती. तिनं नवऱ्याचा आवाज ओळखला आणि आत गेली.

त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोघांनाही अर्ध्या दिवसाचं काम लावलं. वाटलं, कोणाला काढायला नको, दोघंही तगतील. अर्ध्या दिवसाचं काम म्हणजे अर्धी मजुरी, पण माणसाला भूक काही अर्धी लागत नाही. दुपारी यंत्र बंद व्हायचं आणि तरी दोघंही घरी जायचे नाहीत. काका करवतीचे दात कानस मारून मारून झिजवायचे. ठोक्या पडलेल्या, वाकलेल्या चुका गोळा करून दगडावर सरळ करत बसायचा. त्याचे पैसे मिळणार नाहीत हे त्याला माहीत होतं. घरी लवकर गेलं तर शेजारी विचारतात, एवढंच तो एकदा वहिनींना म्हणाला.

मजुरीच्या दिवशी पेटीवाला बायकोसमोर उभा राहिला. तिनं धान्याच्या डब्यात हात घालून पैसे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. त्या महिन्यात मुलांचे बूट राहिले. त्यानं बाहेर जाऊन दोघांना पैसे दिले. काकांनी न बघता खिशात टाकले. ठोक्यानं बघितले, आणि पेटीवाल्यानं मान वळवेपर्यंत बघतच राहिला.

थोड्याच दिवसांत काका एका सकाळी उशिरा आले. धुतलेला शर्ट घातला होता. मुलीकडे जाऊन राहतो म्हणाले, पोरगी किती दिवस बोलावते आहे, आता यंत्राचा आवाजही सोसत नाही. पेटीवाल्याला ठाऊक होतं की त्या मुलीनं बापाला कितीतरी वर्षांत बोलावलं नव्हतं, आणि जावयानं त्यांना एकदा दारातूनच परत लावलं होतं. ते आठवूनही तो काही बोलला नाही. काकांनी करवतीच्या पात्यावरून तीन बोटं फिरवली, पट्टा सैल केला आणि यंत्रावर गोणपाट टाकलं.

"तू लहान असताना या ढिगावर झोपायचास," ते म्हणाले. "जपून राहा, पोरा."

ते गेल्यावर पेटीवाल्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते उतरलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढे व्यापाऱ्याचं बोलावणं आलं. या वेळी त्यानं पाणी दिलं नाही, बहुतेक त्यालाही अवघड झालं असावं. गोदामात एका भिंतीला निळ्या प्लॅस्टिकच्या पेट्या छतापर्यंत लागल्या होत्या. एकात एक बसणाऱ्या, धुता येणाऱ्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. व्यापारी म्हणाला, तुझ्याकडे आणलेलं लाकूड आहे ते पडून राहू नये म्हणून तेवढ्याच्या पेट्या घेतो, कमी भावानं घेतो. त्या गाडीनंतर लाकडाची पेटी नाही. यंदाही नाही आणि पुढेही नाही. पेटीवाल्यानं एक निळी पेटी उचलून पाहिली. ती इतकी हलकी होती की हात आपोआप वर गेला.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही.

"उधारी फिटेल त्यात?"

"लाकडाची फिटेल. पेट्या वेळेत झाल्या तर."

"आणि ठोक्या?"

तो म्हणाला, त्याला सांगायचंच आहे, पण आधी माल होऊ दे. त्याच्याशिवाय एवढ्या पेट्या ठोकणार कोण? आता सांगितलं आणि तो उद्या आलाच नाही तर? बायकोनं चुलीत एक ढलपी सरकवली. सांगून तर बघा, माणूस काय एवढा हलका आहे का, असं ती म्हणाली. मग स्वतःच गप्प झाली. उधारीवाला दोनदा घरी येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा दार तिलाच उघडावं लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ठोक्या कामाला न बसता उभा राहिला. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं पेटीवाल्याला पुढे कितीदा वाटलं. पण त्या सकाळी त्याला फक्त भीती वाटली.

"मालक, एक विचारायचं होतं," ठोक्या म्हणाला. आज त्याच्या तोंडात चुका नव्हत्या. "हमरस्त्यावरच्या वखारीत मुकादम पाहिजे. वखारवाल्यानं मला बोलावून घेतलं. महिन्याचा पगार. लाकूड ओळखणारा माणूस हवाय म्हणे. आजच्या आज सांग म्हणाला."

"मग?"

"मग काय. बायको म्हणते जा. पण तुमच्याकडे काका नाहीत, मी गेलो तर शेडच बंद पडायची. एवढी वर्षं खाल्लं इथलं. तुमच्याकडे काम आहे असं तुम्ही म्हणालात तर मी जात नाही. नसेल तर सांगा. तुमच्या शब्दावर आहे."

पेटीवाल्यानं थप्पीकडे पाहिलं. एकट्यानं ठोकायच्या म्हटल्या तर गाडी येईपर्यंत निम्म्याही झाल्या नसत्या. घसा कोरडा पडला. त्याला वाटलं होतं की आपण बघू म्हणू. पण समोरचा माणूस बघू ऐकायला उभा नव्हता.

"थांब," तो म्हणाला. "काम येतंय. व्यापाऱ्यानं गाडी सांगितली आहे."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरही येईल."

ठोक्याचा चेहरा मोकळा झाला. त्यानं बैठक मारली, मूठभर चुका ओठांत धरल्या आणि पहिली फळी ओढली.

पुढचे दिवस त्यानं बैलासारखं काम केलं. सुरुवातीला करवतही तोच चालवायचा, पेट्याही तोच ठोकायचा. मग पेटीवाला फळ्या कापून द्यायला लागला, पण त्याच्या कापात काकांची सफाई नव्हती, आणि तिरक्या कापाची फळी ठोकताना चूक फिरून अंगठ्यात शिरायची. ठोक्याच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं, मग सुटलं. त्यानं चिंधी बांधली. वहिनींनी हळद लावायला सांगितली तर म्हणाला, "नखाला काय, परत येतं. पगारी नोकरीसारखं नाही ते." आणि हसला. वहिनी हसल्या नाहीत. चवड बांधता बांधता तारेचं टोक त्यांच्या तळहातात गेलं.

गाडी आली. शेवटची चवड चढवल्यावर शेड एकदम मोठी दिसायला लागली. थप्पीच्या जागी फिकट चौकोन उरला होता. ठोक्यानं घाम पुसला आणि पुढचं लाकूड कधी येतंय ते विचारलं.

पेटीवाल्यानं त्याची पूर्ण मजुरी आणि वर काही पैसे घडी करून हातात धरले होते. ते पुढे करत तो म्हणाला, "लाकूड येणार नाही. व्यापाऱ्यानं प्लॅस्टिकच्या पेट्या घेतल्या. शेड बंद करतोय."

ठोक्यानं पैसे घेतले नाहीत.

"कधी कळलं तुम्हाला?"

पेटीवाल्याला खोटं बोलता आलं असतं. ड्रायव्हर आत्ताच सांगून गेला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बायको तिथेच उभी होती.

"तू वखारीचं विचारलंस ना, त्याच्या आदल्या दिवशी."

ठोक्यानं शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. अंगठ्याची चिंधी सोडली, परत घट्ट बांधली. मग पैसे घेतले, त्यातली आपली मजुरी वेगळी केली, वरचे पैसे फळीवर ठेवले आणि डबा उचलून निघून गेला. त्याची पाठ हमरस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होती. पेटीवाला तिथपर्यंत बघत होता, बायको बघत नव्हती. ती जमिनीवर बसून सांडलेल्या चुका गोळा करत होती.

लाकडाची उधारी फिटली. घराची तशीच राहिली. यंत्र विकायला काढलं तर भंगारवाल्यानं लोखंडाच्या वजनावर मागितलं. पेटीवाला दिवसभर रिकाम्या शेडमध्ये बसायचा आणि कोणी आलं की झाडू उचलायचा. बायको शाळेत धुण्याभांड्याच्या कामाला लागली. तिनं विचारलं नाही, सांगितलं फक्त.

शेवटी एक दिवस तो उठून वखारीत गेला. मनाशी ठरवून गेला होता की ठोक्यासाठी शब्द टाकायचा. वखारवाला जाड, दमेकरी माणूस होता, लाकडाच्या ओंडक्यावर बसून चहा पीत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्याला मीच विचारलं होतं," तो म्हणाला. "तुमचं नाव सांगून नाही म्हणाला. त्याच्या जागी घेतला तो निघाला चोर, परवाच हाकलला. जागा रिकामीच आहे."

"मग त्याला घ्या. माझी चूक होती त्यात."

"चूक कोणाचीही असो. मी बोलावल्यावर जो आला नाही त्याला परत बोलावत नाही, माझी रीत आहे ती." वखारवाल्यानं कप खाली ठेवला. "तुम्ही का येत नाही? लाकूड तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. हिशेब येतो. शेड बंदच आहे ना?"

पेटीवाला म्हणाला, मी त्याच्यासाठी आलो होतो. वखारवाला म्हणाला, ऐकलं मी. पेटीवाल्यानं एकदा सांगून पाहिलं. आणखी एकदा सांगता आलं असतं, अडून बसता आलं असतं. पण तो घरी विचारून सांगतो म्हणाला.

बायकोनं ऐकलं आणि बराच वेळ भांड्याचं बूड घासत राहिली. तिचे हात कोपरापर्यंत भेगाळले होते.

"जा," ती म्हणाली. "नाही कशाच्या जोरावर म्हणणार? पण त्याच्या घरी जाऊन सांगून या. या वेळी तरी दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका."

तो निघाला. ठोक्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. दारात ठोक्याची बायको पाणी भरत होती, तिनं मान वर केली, आणि तो काही विसरल्यासारखा खिसे चाचपत मागे फिरला. दुसऱ्या दिवशी तो वखारीत रुजू झाला. दुपारपर्यंत गावभर झालं.

वखारीच्या फाटकाशी रोज सकाळी माणसं जमायची. ट्रक येतील तेवढी माणसं आत घ्यायची, बाकीच्यांना परत लावायचं, हे मुकादमाचं काम. पहिल्या दिवशी पेटीवाल्याला हात वर करून माणसं निवडताना लाज वाटली. नंतर सवय झाली. पावसाळा तोंडावर आला होता तेव्हा एका सकाळी त्या घोळक्यात ठोक्या दिसला. दाढी वाढलेली, डबा काखेत. तो पुढे घुसला नाही की मागेही लपला नाही. पेटीवाल्यानं त्याला घेतलं. दुसऱ्या दिवशी घेतलं, तिसऱ्या दिवशीही. ठोक्या ओंडके उतरवायचा, खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून. मुकादमाशी कामापुरतंच बोलायचा. मालक म्हणायचा नाही, काहीच म्हणायचा नाही.

एका संध्याकाळी वखारवाल्यानं पेटीवाल्याला सांगितलं की जंगलातला रस्ता पावसात वाहून जातो, आता आठवड्याभरात ट्रक थांबतील आणि पाऊस उघडेपर्यंत हमाल लागणार नाहीत. फाटकावर बोलू नकोस, आत्ताच कळलं तर माणसं पांगतील आणि शेवटच्या गाड्या कोण उतरवणार? पेटीवाला हो म्हणाला.

सकाळी घोळक्यात ठोक्या होता. पेटीवाल्यानं बाकीची माणसं आत घेतली. त्याला घेतलं नाही. फाटकाच्या बाजूला नेलं. तोंड कोरडं पडलं होतं, पण तो बोलला.

"आठवड्यात ट्रक बंद होतायत. मग पाऊस उघडेपर्यंत काही नाही. पुलापलीकडे कालव्याचं काम निघालंय, तिथे माणसं घेतायत. आज गेलास तर लागशील. नंतर इथली सगळीच तिकडे जातील."

ठोक्या त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस आपल्याला फाटकाबाहेर काढायला बघतो आहे की काय, हे तो चेहऱ्यावर शोधत असावा.

"आजची हजेरी लावतो तुझी," पेटीवाला म्हणाला. "जा तू."

"न केलेल्या कामाची नको."

एवढं बोलून ठोक्या वळला. पण रस्त्याला लागला नाही. फाटकात पहिला ट्रक उभा होता, त्याच्या ड्रायव्हरकडे तो गेला, पायरीवर एक पाय ठेवून त्याला काहीतरी विचारलं. ड्रायव्हरनं डोंगराच्या बाजूला हात केला, बोटांनी रस्ता तुटणार असल्याची खूण केली आणि मान डोलावली. ठोक्यानं ते नीट ऐकून घेतलं. तेव्हा कुठे त्यानं डबा सावरला आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागला.

आत माणसं खोळंबली होती. पेटीवाला फाटक ओढून आत गेला आणि एकेकाची हजेरी मांडू लागला.